वाचकांचे प्रश्न : हे सतरा ओहम आले कुठून?

यावेळी आलेली चारही पत्रं एकाच वायरीवर, म्हणजे आरएस-४८५ वर (दोन तारांवर बरीच उपकरणं जोडून त्यांचे आकडे कंट्रोल रूममधे आणायची पद्धत), लटकलेली निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न (सोलर पंपाचे तर ढीगभर आलेत) पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : राम राम भाऊ. मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका सोयाबीन सॉल्व्हंट प्लांटवर इन्स्ट्रुमेंटचं काम पाहतो. मागच्या वर्षी मालकांनी हेक्झेनचे (तेल काढायला वापरतो तो ज्वालाग्राही द्रव) १२ गॅस डिटेक्टर बसवले, सगळे आरएस-४८५ वाले. ठेकेदाराने कंट्रोल रूमपासून २०० मीटरवर एक मोठा जंक्शन बॉक्स ठोकला आणि तिथून बारा डिटेक्टरले बारा केबल फेकल्या, कोणती १५ मीटर तर कोणती ८०. पाच-सहा डिटेक्टर बरोबर बोलतात, बाकीचे येतात-जातात, आणि एक्स्ट्रॅक्टरची व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) सुरू झाली की स्क्रीनवर अर्धे लाल होतात. पॅनलवर २४ व्होल्ट बरोबर आहे. ठेकेदार म्हणतो डिटेक्टर खराब, डिटेक्टरवाले फोनवर म्हणतात वायरिंग खराब, अन् मालक म्हणतात तू खराब. शटडाउनमधे सप्लाय बंद करून पॅनलच्या टोकाला ए आणि बी मधे मल्टीमीटर लावला तर १७ ओहम दाखवते, याचा काही अर्थ लागते का? सोबत फोटो पाठवला आहे. केबल मेन २.५ स्क्वेअरची, फांद्या १ च्या, स्पीड ९६००.

उत्तर : भाऊ, तुम्ही पत्राच्या शेवटी सहज टाकलेला तो १७ चा आकडा आहे ना, त्यातच अर्ध उत्तर आहे आणि तुमच्या ठेकेदाराने तो एकदा जरी मोजला असता तर वर्षभराची भांडणं वाचली असती.

४८५ म्हणजे पिळलेल्या दोन तारा, ए आणि बी, आणि सिग्नल म्हणजे त्या दोघींमधला फरक. जमिनीशी तुलना नाही, एकमेकींशी, म्हणून तर बाहेरचा नॉइज दोघींवर सारखाच चढतो आणि वजाबाकीत उडून जातो. आता लाइन लांब असली की सिग्नल टोकाला जाऊन आपटतो आणि परत येतो, पाटाचं पाणी बंद बांधावर आदळून मागे फिरतं तसं. ते परत येऊ नये म्हणून लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एक-एक रेझिस्टर लावतात. दोनच टोकं, दोनच रेझिस्टर. १२० आणि १२० पॅरलल म्हणजे ६०, त्यामुळे सप्लाय बंद करून मोजलं की धड असलेल्या लाइनवर ६० च्या आसपास यायला पाहिजे, तारेचा रेझिस्टन्स धरून थोडं वर. १२० आलं तर एक टोक उघडं आहे, ४० आलं तर कोणीतरी तिसरा जास्तीचा लावलाय.

तुमच्याकडे १७ येतंय. १२० ला सातने भागा, १७.१ येतं. म्हणजे सात डिटेक्टरमधे टर्मिनेशनचा जंपर (आतला तो १२० चा रेझिस्टर लाइनवर घेणारी कडी) लागलेला आहे, मेन आणि फांद्यांच्या तारेचा रेझिस्टन्स मधे धरला तर आठ-नऊही निघतील. बरेच डिटेक्टर फॅक्टरीतून जंपर लावूनच येतात, बसवणाऱ्याने फक्त शेवटच्याचा ठेवून बाकीचे काढायचे असतात, ते पान मॅन्युअलच्या मागच्या बाजूला असतं आणि मॅन्युअल असतं स्टोअरच्या कपाटात. ४८५ ची चिप ५४ ओहमच्या लोडवर दीड व्होल्ट देईल एवढ्या हिशोबाने बनवलेली असते, तिच्यावर १७ चा बोजा टाकला तर ती बोलते खरी पण खोल गेलेल्या आवाजात. दुसरं असं की कोणीच बोलत नसतं तेव्हा लाइन एका बाजूला ओढून धरायला मास्टरमधे (पॅनलमधला, सगळ्या डिटेक्टरला आकडा विचारणारा) बायस रेझिस्टर असतात, ५ व्होल्टवर ५६० ओहमचे दोन धरले तर ६० ओहमच्या लाइनवर साधारण २५० मिलिव्होल्ट उभे राहतात, समोरच्याला किमान २०० लागतात, म्हणजे जमलं. तोच हिशोब १७ ने करून बघा, ७५ पण भरत नाहीत. मग शांत लाइनवर सुद्धा डिटेक्टरला भुताचे आवाज ऐकू येतात, आणि व्हीएफडी चालू झाली की विचारूच नका.

आता फांद्यांचं. पुस्तकात लिहिलंय की ४८५ एका दोऱ्यात ओवायची, एका डिटेक्टरमधून दुसऱ्यात, झाडासारख्या फांद्या काढायच्या नाहीत. खरं आहे आणि नवीन काम करताना तसंच करा. पण तुमचा ठेकेदार आता "सगळी केबल नव्याने टाकावी लागेल" म्हणून कोटेशन घेऊन येईल (आला असेलच), त्याला जरा थांबवा. ९६०० च्या स्पीडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदाचा असतो, आणि ८० मीटरच्या फांदीत सिग्नल जाऊन परत यायला एक मायक्रोसेकंदही लागत नाही, चार-सहा वेळा आपटला तरी बिटच्या मधोमध वाचणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. स्पीड १,१५,२०० असता तर बिट नऊ मायक्रोसेकंदाच्याही आतला, तेव्हा मी तुमच्या ठेकेदाराच्या बाजूने बोललो असतो. म्हणून आधी जंपर. एक पॅनलच्या टोकाला, एक सगळ्यात लांबच्या फांदीच्या शेवटी, बाकी सगळे काढायचे, आणि पॅनलवर परत ओहम मोजायचे. स्पीड वाढवायच्या भानगडीत पडू नका, कोणी कितीही म्हटलं तरी.

पण नुसत्या जंपरने सगळं सुटेल असं मला वाटत नाही, कारण पॅनलवरच्या २४ व्होल्टने काही सिद्ध होत नाही, शेवटच्या डिटेक्टरवर किती पोचतात ते सांगा. फोटोतल्या लेबलवर १८ ते ३० व्होल्ट आणि १५० मिलिअँप वाचता येतंय. बारांचे झाले १.८ अँपिअर. २.५ स्क्वेअरच्या तांब्याला किलोमीटरला साधारण साडेसात ओहम, २०० मीटर जाऊन-येऊन ४०० मीटर म्हणजे ३ ओहम, तिथेच साडेपाच व्होल्ट गळाले. पुढे ८० मीटरची १ स्क्वेअरची फांदी अजून जवळपास अर्धा व्होल्ट खाते. उरले किती, १८ च्या काठावर! आणि आत स्विचिंग सप्लाय असलेला डिटेक्टर व्होल्टेज उतरलं की उलट जास्त करंट ओढतो, मग तो रीस्टार्ट होतो, गरम व्हायला वेळ घेतो, तेवढ्या वेळात मास्टर त्याला हाका मारतो आणि उत्तर नाही म्हणून लाल करतो. तुम्हाला वाटतं कम्युनिकेशन गेलं, गेलेली असते भाकर. एसएमपीएसला (२४ व्होल्ट देणाऱ्या सप्लायला) बहुतेक करून ॲडजस्टमेंटचा स्क्रू असतो, तो २७ पर्यंत जात असेल तर नेऊन पाहा (३० च्या आत आहे, जवळच्या डिटेक्टरलाही चालतं), नाहीतर लांबच्या सहा डिटेक्टरला सप्लायची वेगळी जोडी टाका.

व्हीएफडीबद्दल थोडक्यात: ४८५ ची केबल आणि मोटरची केबल एकाच ट्रेमधे गुण्यागोविंदाने झोपलेली फोटोत दिसतेय, त्यांना वेगळं करा, फूटभर तरी, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात. शील्ड फक्त पॅनलच्या बाजूला अर्थ करायची, जंक्शन बॉक्समधे ती एकमेकीला जोडत न्यायची पण बॉडीला टेकवायची नाही, आणि डिटेक्टरच्या टोकाला कापून स्लीव्ह घालायची. तिसरी तार म्हणजे सिग्नलचा कॉमन, ती पण ओढा. ए-बी वर जमिनीच्या हिशोबाने उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढंच चिप सहन करते, आणि दोन शेडच्या अर्थिंगमधे तेवढा फरक आपल्याकडे मृगाच्या पहिल्या विजेला सहज पडतो. कंट्रोल रूम आणि प्लांट वेगळ्या इमारतीत आहेत म्हणून मधे आयसोलेटेड रिपीटर टाकलात तर जूनमधे माझी आठवण काढाल.

हे सगळं उघडायचं कधी, तर पॅनलच्या टोकाचं मोजमाप शटडाउनमधे सप्लाय बंद असताना केव्हाही करा पण डिटेक्टरचं झाकण सप्लाय बंद, एरिया गॅस फ्री आणि परमिट हातात असल्याशिवाय खोलायचं नाही. साधा मल्टीमीटर घेऊन हेक्झेनच्या एरियात फिरणं म्हणजे बिडी घेऊन फिरण्यासारखंच आहे. सप्टेंबरमधे नवीन सोयाबीन यायच्या आधी तुमचा शटडाउन असेलच, तेव्हा उरका. आणि दुसरी केबल घालायला फ्लेमप्रूफ बॉडीला ड्रिलने नवीन भोक पाडायचं नाही, आहे ती एंट्री वापरा, रिकामी एंट्री सर्टिफाइड प्लगने बंद करा. ज्या पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) अप्रूव्हल त्या बॉडीवर आहे तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सलाच आहे, लांब नाही.

फोटोत अजून एक दिसलं जे तुम्ही विचारलं नाही. कंडेन्सरजवळचा डिटेक्टर डोक्याच्या उंचीवर आहे. हेक्झेनची वाफ हवेच्या तिप्पट जड, ती जमिनीवरून सरपटत नाल्यात आणि खड्ड्यात जाऊन बसते, डिटेक्टर गुडघ्याच्या खाली पाहिजे, फूट-दीड फुटावर. आणि कॅलिब्रेशन मिथेनवर करत असाल तर हेक्झेनचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, त्याचा फॅक्टर मॅन्युअलमधे बघून घाला. हेक्झेनचं एलईएल (हवेत पेट घ्यायला लागणारं किमान प्रमाण) १.१ टक्के, पहिला अलार्म २० टक्के एलईएलला ठेवला म्हणजे हवेत ०.२२ टक्क्याला वाजायला पाहिजे. मिथेनच्या भरवशावर राहिलात तर तो त्याच्या बराच नंतर वाजेल.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. स्क्रीनवर शून्य दिसतंय म्हणजे गॅस नाही, असं ४८५ वर धरून चालू नका. जुन्या ४-२० मिलिअँपमधे शून्य गॅसला ४ मिलिअँप यायचे, तार तुटली की ० व्हायचे, मेलेला आणि गप्प बसलेला यात फरक कळायचा. मॉडबसवर (४८५ च्या तारेवर बोलायची भाषा) मास्टरला उत्तर आलं नाही तर बऱ्याच स्काडा (स्क्रीनवर आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) शेवटचा आकडा तसाच धरून ठेवतात. मी स्वतः एका प्लांटवर (नाव नको) होळीच्या सुमारास कॅलिब्रेशनला गेलो, एका डिटेक्टरला गॅस दिला, स्क्रीनवर शून्य. परत दिला, शून्य. केबल तपासली तर उंदराने ट्रेमधे कुरतडलेली, आणि लॉग काढला तर तो डिटेक्टर दिवाळीपासून मुका होता. चार महिने ऑपरेटर रोज रजिस्टरमधे "० टक्के, ओके" लिहीत होता, सही करून. म्हणून प्रत्येक डिटेक्टरला कम्युनिकेशन फेल्युअरचा वेगळा अलार्म द्या, स्क्रीनवर शून्याच्या जागी ठसठशीत फुली दिसली पाहिजे. आणि प्लांट ट्रिप करायचं काम मॉडबसवर ठेवूच नका, डिटेक्टरच्या रिलेमधून स्वतंत्र तार ओढा, रिले एरवी ओढलेला ठेवायचा म्हणजे तार तुटली तरी ट्रिपच होईल. टाइमआउट पण बघा, एक सेकंद आणि तीन रीट्राय ठेवले असतील तर एक मेलेला डिटेक्टर चार सेकंद खातो, तीन मेले की बारा सेकंद, आणि तेवढा वेळ जिवंत असलेल्या नऊ जणांचं कोणी ऐकत नाही. धड चालणाऱ्या लाइनवर बाराही डिटेक्टरची फेरी सेकंद-दीड सेकंदात होते. टाइमआउट २०० मिलिसेकंद करा, रीट्राय एक.

मालकांना सांगा, खराब तुम्ही नाही. जंपर काढल्यावर किती ओहम आले ते कळवा.

प्रश्न : आमचं वरुडजवळ संत्र्याचं कोल्ड स्टोरेज आहे, अमोनियावर चालते. चार अमोनिया डिटेक्टर घेतले, इंटरनेटची कॅट-६ केबल शिल्लक पडून होती तर मुलाने तीच वापरून ४८५ जोडली, निळी तार ए ला आणि नारंगी बी ला. सत्तर मीटरवरचे दोन चालत नाहीत. केबल चुकीची आहे काय?

उत्तर : काकाजी, केबल चालून जाईल, मुलाने जोड्या मोडल्या तेवढं चुकलं. कॅट-६ मधे निळी पिळलेली असते निळ्या-पांढरीशी, आणि नारंगी नारंगी-पांढरीशी. एकीतून एक आणि दुसरीतून एक घेतली तर कागदावर दोन तारा झाल्या पण पीळ कुठे राहिला, नॉइज दोघींवर सारखा चढणार कसा? संत्र्याच्या गावात नारंगी रंगाचा मोह होणारच, पण ए ला नारंगी आणि बी ला नारंगी-पांढरी असं घ्या, आणि तिसऱ्या जोडीतली एक तार कॉमनला. टोकाला १२० च्या जागी १०० चा रेझिस्टर लावलात तरी हरकत नाही, त्या केबलचा स्वभावच १०० चा असतो. ए-बी करूनही एखादा बोलला नाही तर त्याच्या तारा उलट करून पाहा, कोण ए ला अधिक म्हणतो कोण बी ला, कंपन्यांमधे आजवर एकमत झालेलं नाही, उलट लावल्याने काही जळत नाही.

मात्र त्या बारीक तारेतून डिटेक्टरला सप्लाय नेऊ नका, ती किलोमीटरला साधारण ७०-८५ ओहम खाते. सप्लायला वेगळी दीड स्क्वेअरची टाका.

तुमच्याकडे मला जास्त काळजी वायरीची नाही, तांब्याची आहे. अमोनिया तांबं आणि पितळ खातो, म्हणून तर तुमच्या प्लांटच्या पाइपात कुठेच तांबं नसतं, सगळं लोखंड. मग जंक्शन बॉक्समधे उघडं तांबं आणि पितळी ग्लँड (केबल आत घेऊन घट्ट धरायची कडी) कसे चालतील? दोन सीझनमधे हिरवे होतात, आणि थंड खोलीतून गरम पॅसेजमधे येणाऱ्या केबलमधून दव ठिबकतं ते वेगळंच. टिन केलेली तार, स्टेनलेसचे ग्लँड, बॉक्सची एंट्री खालून, आणि केबल बॉक्सच्या आधी खाली लोंबती ठेवून मग वर घ्यायची म्हणजे पाणी तिथेच गळून पडतं. डिटेक्टर कुठे लावले ते लिहिलं नाही तुम्ही. अमोनिया हवेपेक्षा हलका, तेव्हा वर, छताच्या बाजूला, आणि कॉम्प्रेसर रूममधे एक तरी पाहिजेच. आठ तासांच्या कामाला २५ पीपीएमची मर्यादा धरतात, पहिला अलार्म तिथेच ठेवा. "वास येतोच की, डिटेक्टर कशाला" असं तुमचा ऑपरेटर म्हणत असेल तर रोज वास घेणाऱ्याचं नाक मरतं हे त्याला सांगा.

प्रश्न : पुसदकडच्या डिस्टिलरीत आहे. फर्मेंटेशनच्या खोलीत ऑक्सिजनचा डिटेक्टर मॉडबसवर जोडला. डिटेक्टरच्या डिस्प्लेवर बरोबर दिसते पण कॉम्प्युटरवर एका रजिस्टरमधे १६८०७ आणि शेजारच्यात १३१०७, हलतच नाही. बिघडला का?

उत्तर : नाही बावा, ठणठणीत आहे, डिस्प्लेवर २०.९ असेल, पैज लावतो. तुमचा डिटेक्टर आकडा ३२ बिटच्या फ्लोटमधे (दशांश चिन्हाचा आकडा साठवायची पद्धत) देतो, मॉडबसचं एक रजिस्टर १६ बिटचं, म्हणून एका आकड्याचे दोन तुकडे होऊन येतात. १६८०७ म्हणजे हेक्समधे ४१ए७, १३१०७ म्हणजे ३३३३, दोन्ही जोडून फ्लोट म्हणून वाचा, बरोबर २०.९ येतं. सॉफ्टवेअरमधे डेटा टाइप इंटिजरवरून फ्लोट करा, आणि तरीही भलतंच काही दिसलं तर वर्ड स्वॅपची खूण टाका, दोन तुकडे कोणता आधी यावर पण कंपन्यांचं एकमत नाही. मॅन्युअलमधे ४०००१ लिहिलंय आणि सॉफ्टवेअर शून्यापासून मोजतं तर एकाने मागे-पुढे करून बघायचं. फर्मेंटेशनचा कार्बन डायऑक्साइड जड असतो, तेव्हा डिटेक्टर व्हॅटच्या खालच्या बाजूला आहे ना तेवढं बघा, वर लावला असेल तर तो कायम २०.९ च दाखवेल, आणि खाली उतरणारा माणूस बेशुद्ध पडलेला असेल.

प्रश्न : मी आर्वीला आयटीआय करते, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक ट्रेड. आमच्याकडे मॉडबस फक्त फळ्यावर शिकवलं. घरी शिकता येईल का, खर्च किती?

उत्तर : येतं ताई, आणि डिटेक्टर विकत घेण्याची गरज नाही. एक यूएसबी-४८५ कन्व्हर्टर घे, काही शेकड्यात मिळतो. ४८५ पोर्ट असलेले दोन जुने एनर्जी मीटर भंगारवाल्याकडून किंवा ओळखीच्या पॅनलवाल्याकडून माग, मॉडबस वाचायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मीटरला २३० लागतात तेव्हा ती जोडणी सरांसमोरच कर, घरी एकटीने नको.

मग हे सगळं मुद्दाम बिघडव. दोन्ही मीटरला एकच पत्ता दे. कापूस खरेदी केंद्रावर दोन बंड्यांना एकच टोकन नंबर मिळाला तर नंबर पुकारल्यावर दोघंही एकदम पुढे घुसतात आणि काट्यावर कोणाचंच वजन होत नाही, लाइनवर अगदी तेच होतं, चेकसम चुकतो आणि मास्टर दोघांचं उत्तर फेकून देतो. नवीन डिटेक्टर बहुतेक सगळे पत्ता १ घेऊन येतात, म्हणून साइटवर एकेकच जोडून पत्ता बदलायचा असतो, १ ते २४७ मधला कोणताही. नंतर एकाची पॅरिटी (चूक पकडायच्या जादा बिटची सेटिंग) बदल, ए-बी उलट कर, १२० चे पाच रेझिस्टर लाव आणि ओहम मोज, २४ येतात का बघ. प्रत्येक वेळी स्क्रीनवर काय दिसलं ते वहीत लिहून ठेव, इंटरव्ह्यूला ती वहीच घेऊन जा.

क्रिम्पिंग टूल मात्र स्वतःचं घे, चांगलं. बारीक तारेला पिनलग (टोकाला दाबून बसवायची पिन) न लावता स्क्रूखाली दाबणारे फार भेटतील तुला, त्यांच्याकडून ते शिकू नको.